माणूस : चार पेनी

(अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलं आहे. फक्त शिव्या गाळल्यात.)



आजचा विषय आहे इंग्लंडवरचं नॉर्मन राज्य. सन १०६६. शाळेच्या पुस्तकात ह्या सालाला दोन ओळी मिळतात. एक राजा पडला, दुसरा बसला, धडा संपला. पडलेल्या राजाच्या डोळ्यात बाण लागला होता की नव्हता, यावर पंडितांनी ढीगभर कागद काळे केलेत. करू देत. मला त्यात काही रस नाही. मला रस आहे त्या लढाईनंतरच्या वीस वर्षांत. लढाई एका दिवसात आटोपली. देश ताब्यात घ्यायला वीस वर्षं लागली, आणि ते काम फावड्यानं झालं, आगीनं झालं, आणि शेवटी टाकानं झालं. फावडी हरलेल्यांच्याच हातात होती. आज ह्या फावड्यांबद्दल बोलायचंय.

बायोचं भरतकाम म्हणून एक कापड आहे. लिननचा पट्टा, ७० मीटरच्या आसपास लांब, त्यावर रंगीत लोकरीनं सगळ्या स्वारीची चित्रं भरलेली. नॉर्मनांच्या विजयाची जाहिरातच म्हणा ना. जाणकार म्हणतात, टाके बहुतेक इंग्लंडातल्याच कारागिरांनी घातले. म्हणजे आपलीच हार स्वतःच्या सुईनं भरून द्यायची.

लोक त्यातले घोडे बघतात, राजे बघतात. मी गोदीत हमाली करतो, माझी नजर भलतीकडेच गेली. त्यात झाडं तोडणारे आहेत. फळ्या तासणारे आहेत. जहाज दोरांनी पाण्याकडे ओढणारे आहेत. आणि मग माल चढतोय. दोन माणसांच्या खांद्यावर काठी, काठी चिलखताच्या दोन्ही बाह्यांतून ओवलेली, आणि मधे ते लोखंडाचं धूड लोंबतंय. ज्यानं कधी वजन उचललंय त्यालाच कळेल की चालताना ते कसं झुलत असेल आणि मागच्याचा खांदा कसा सोलत असेल. त्यांच्या मागं एक गाडा. गाड्यावर दारूचं पिंप आणि भाले. गाड्याला जुंपलेली माणसंच. इतिहासाच्या एवढ्या मोठ्या स्वारीची सुरुवात अशी आहे बघा, हमालांपासून.

आता हे नॉर्मन कोण? नॉर्मन म्हणजे उत्तरेकडचा माणूस. हे स्कँडिनेव्हियातले लुटारू दर्यावर्दी. ९११ च्या सुमारास फ्रान्सच्या राजानं त्यांच्या रोलो नावाच्या म्होरक्याला रूआँच्या आसपासचा मुलूख देऊन टाकला. म्हंजे लूट थांबवण्यासाठी लुटारूलाच वतन. चार-पाच पिढ्यांत हे लोक फ्रेंच बोलायला लागले, ख्रिस्ती झाले, मठ बांधायला लागले, आणि घोड्यावर बसून लढण्यात तरबेज झाले. आजोबा चाचे, नातू सरंजामदार. त्यांचा ड्यूक विल्यम २८ सप्टेंबर १०६६ ला पेवेन्सीला उतरला. इंग्लंडचा राजा हॅरॉल्ड त्या वेळी उत्तरेत होता, तीनच दिवसांपूर्वी स्टॅमफर्ड ब्रिजला नॉर्वेच्या राजाचं सैन्य कापून काढून थकलेला. तसाच धावत दक्षिणेत आला आणि १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जजवळ मेला. लढाईचं एवढं पुरे.

पण लढाईच्या आधीची दोन चित्रं त्या कापडावर आहेत, ती सोडता येत नाहीत. एकात हेस्टिंग्जला किल्ला उभा राहतोय. किल्ला म्हंजे अजून दगडी नाही, नुस्ता मातीचा उंच ढिगारा. माणसं फावड्यांनी माती रचताहेत. एकजण देखरेख करतोय, मुकादमच तो. आणि दोन मजूर एकमेकांच्या डोक्यात फावडी घालताहेत. का, ते कापडावर लिहिलेलं नाही. त्याच्या थोडं पुढच्या चित्रात दोन माणसं मशाली घेऊन एक घर पेटवताहेत, आणि त्या घरातून एक बाई पोराचा हात धरून बाहेर पडतेय. बाईला नाव नाही. विजयाच्या जाहिरातीत ही बाई कशी काय राहिली? माझा अंदाज सांगतो, चुकीचाही असेल. सुई ज्याच्या हातात होती त्यानं ती ठेवली.

विल्यमचा राज्याभिषेक २५ डिसेंबरला वेस्टमिन्स्टरला झाला. आत लोकांनी रिवाजाप्रमाणे जयजयकार केला. बाहेरच्या नॉर्मन पहाऱ्याला त्यांची भाषा कळेना, त्यांना वाटलं बंड झालं, आणि त्यांनी आसपासची घरं पेटवून दिली. राज्याचा पहिला दिवस हा असा. परजेचा जयजयकारसुद्धा राज्यकर्त्याला आरोळी वाटते.

चर्चची गंमत पुढं आहे. १०७० मध्ये धर्माधिकाऱ्यांनी प्रायश्चित्ताचा दर ठरवला. त्या मोठ्या लढाईत जेवढी माणसं मारली, तेवढी वर्षं प्रायश्चित्त. नुस्तं जखमी केलं आणि तो मेला का जगला माहीत नाही, तर माणशी चाळीस दिवस. मोजदादच राहिली नसेल तर आयुष्यभर आठवड्यातला एक दिवस. आणि एवढं जमत नसेल तर एखादं चर्च बांधा, नाहीतर चर्चला कायमची जमीन द्या, हिशेब मिटला. जमीन कुणाची द्यायची? मेलेल्यांची, दुसरं काय!

आता मुद्द्याचं. विल्यमबरोबर उतरलेलं सैन्य ७-८ हजारांच्या आसपास असावं असा अंदाज आहे. देशाची वस्ती १५-२० लाख. एवढीशी माणसं एवढ्या लोकांना दाबून कशी ठेवतात? याचं उत्तर त्या मातीच्या ढिगाऱ्यात आहे. त्याला मॉट म्हणतात. खंदक खणायचा, निघालेल्या मातीचा डोंगर करायचा, डोंगरावर लाकडी बुरूज, खाली कुंपण घातलेलं अंगण. अंगणात घोडे, स्वार, धान्य. गावकऱ्यांना बिगारीवर धरलं की भराभर उभा राहतो. मग पन्नास स्वार अख्ख्या मुलखावर नजर ठेवतात. कुठं धूर निघाला, कुठं चार माणसं जमली, की स्वार सुटले. इंग्लंडात आधी तटबंदीची गावं होती, गावातल्या सगळ्यांना आत घेणारी. हा किल्ला वेगळा. हा गावाच्या आत बसून गावाकडेच तोंड करून उभा.

आणि तो बसवायला जागा लागते. लिंकन शहरात किल्ल्यासाठी १६६ घरं गेली. केंब्रिजला २७. ह्या १६६ घरांतल्या माणसांनी त्या रात्री चूल कुठं मांडली, याची नोंद नाही. घरं गेल्याची नोंद आहे, कारण घरामागं राजाला येणारा पट्टीचा पैसा बुडाला. पुढं लंडनच्या टॉवरसाठी दगड जहाजानं थेट नॉर्मंडीतल्या काँ गावाहून आणले. ते जहाजातून कुणी उतरवले असतील, हे मला कुणी सांगायला नको.

लोक गप्प बसले असं समजू नका. एक्झिटर उठलं, यॉर्क उठलं, एलीच्या दलदलीत हेरेवर्ड लढला. यॉर्कला तर दोन्ही किल्ले पाडले. त्यावर विल्यमनं १०६९-७० च्या हिवाळ्यात जे केलं ते लढाईच्या हिशेबात बसत नाही. उत्तरेतल्या यॉर्कशरपासून पुढं गावंच्या गावं जाळली. उभं धान्य, साठवलेलं धान्य, नांगर, अवजारं, गुरं, सगळं एका जागी गोळा करून आग. माणसं तलवारीनं मारायची गरजच ठेवली नाही. थंडी आणि भूक बाकीचं करते. पुढच्या एका लेखकानं लिहून ठेवलंय की लोकांनी घोडे खाल्ले, कुत्री खाल्ली, माणसाचं मांससुद्धा खाल्लं, आणि काहींनी पोटासाठी स्वतःला गुलाम म्हणून विकलं. ऑर्डरिक नावाचा एक साधू होता, आई इंग्लिश, आयुष्य नॉर्मंडीच्या मठात गेलेलं. तो विल्यमची एरवी स्तुती करतो. पण इथं त्यानं लेखणी अडवली. एक लाखाहून जास्त माणसं उपाशी मेली असं त्यानं लिहिलं आणि ह्या कृत्याची तारीफ मी करू शकत नाही असं साफ सांगितलं. आजचे इतिहासकार त्या आकड्यावर वाद घालतात. एक लाख म्हणा, निम्मे म्हणा. दक्षिणेला इव्हशॅमच्या मठाच्या दारात उत्तरेतून आलेली माणसं आडवी पडलेली होती, आणि तिथला इंग्लिश मठाधिपती एथेलविग त्यांना जेवू घालत होता, तरी रोज माणसं मरत होती.

आता टाक.

१०८५ च्या नाताळात ग्लॉस्टरला विल्यमनं हुकूम काढला, अख्ख्या देशाचं मोजमाप करा. १०८६ मध्ये ते झालं. आपल्याकडचा सात-बारा समजा, पण एका राज्याचा, एकदम, जवळजवळ सगळ्याचा. १३ हजारांहून जास्त ठिकाणं. गावोगावी अधिकारी गेले. गावचा पाद्री, पाटलासारखा जो रीव्ह असायचा तो, आणि सहा गावकरी, ह्यांना शपथेवर उभं केलं. प्रश्न ठरलेले. गावाचं नाव काय? एडवर्ड राजाच्या वेळी कुणाकडे होतं? आता कुणाकडे? नांगर किती? जंगल, कुरण, पाणचक्की, मासळीचं तळं? भूदास किती, गुलाम किती? तेव्हा किंमत काय, आता काय? आणि शेवटचा प्रश्न, सगळ्यात खरा : याहून जास्त काढता येईल का?

इंग्लिश साधूंनी आपल्या बखरीत चिडून लिहिलं की ह्या राजानं एक बैल, एक गाय, एक डुक्कर नोंदल्याशिवाय सोडलं नाही, आणि हे सांगायलाही लाज वाटते. लोकांनी त्या पुस्तकाला नाव दिलं डूम्सडे. कयामतच्या दिवसाचं पुस्तक. त्या दिवशी निकाल लागला की अपील नाही, तसंच हे.

ते उघडून बघितलं तर काय दिसतं? वीस वर्षांत वरचा थर पुसून टाकलाय. मोठ्या जमीनदारांत इंग्लिश म्हणावेत असे दोनच उरलेत, वॉरिकशरचा थरकिल आणि लिंकनचा कोलस्वेन. बाकी सगळे समुद्रापलीकडचे. यॉर्कशरच्या पानांवर गावामागून गाव एकच शब्द, उजाड. सोळा वर्षांनंतरसुद्धा. जमीनदारांची नावं आहेत. खालची माणसं नुस्ती मोजलीत. साधारण २ लाख ७० हजार, बहुतेक कुटुंबप्रमुख. एवढे भूदास, एवढे झोपडीवाले, एवढे गुलाम. गुलाम २८ हजारांच्या आसपास. नांगरांसारखे, डुकरांसारखे. नाव नाही.

ल्यूइस नावाच्या गावाच्या नोंदीत बाजाराचा कर दिलाय. घोडा विकला तर एक पेनी. बैल विकला तर अर्धी पेनी. माणूस विकला तर चार पेनी. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. बैलाच्या आठपट भाव, चला, तेवढा तरी मान!

इथं खोटं बोलायचं नाही. माणसं विकायचा धंदा नॉर्मनांनी आणलेला नाही. ब्रिस्टल बंदरातून इंग्लिश व्यापारीच इंग्लिश पोरं-पोरी दोरखंडानं बांधून आयर्लंडला पाठवत होते. वुस्टरचा इंग्लिश बिशप वुल्फस्टन महिनोन्महिने ब्रिस्टलला जाऊन त्याविरुद्ध बोलत राहिला. १०२ वर नाही, ११०२ साली वेस्टमिन्स्टरच्या धर्मसभेनं माणसांना जनावरासारखं विकायला मनाई केली, आणि हळूहळू गुलाम हा शब्द गेला. म्हणून काही लोक नॉर्मनांना मुक्तिदाते ठरवतात. पण गुलाम गेला कुठं? त्याला झोपडी आणि जमिनीचा तुकडा दिला, आणि आठवड्यातले ठरलेले दिवस मालकाच्या शेतात वेठ लावली. जो पूर्वी मोकळा शेतकरी होता तोही त्याच रांगेत ढकलला. मुलीचं लग्न करायचं तर मालकाला पैसे. बाप मेला तर गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर मालकाचं. दळण मालकाच्याच चक्कीवर. डूम्सडेत ६ हजारांच्या आसपास पाणचक्क्या नोंदल्यात, लक्षात ठेवा, हा मुद्दा परत येणार आहे.

कायदा बघा. एखादा माणूस मेलेला सापडला आणि मारेकरी सापडला नाही, तर तो मेलेला नॉर्मन आहे असंच धरायचं. मग आसपासच्या गावांच्या गटानं, हंड्रेडनं, मिळून दंड भरायचा. बाराव्या शतकाच्या सुरुवातीच्या कायदेग्रंथात तो ४६ मार्क दिलाय. ४० राजाला, ६ मेलेल्याच्या नातेवाइकांना. दंडातून सुटायचं तर गावानं सिद्ध करायचं की मेलेला इंग्लिश होता. इंग्लिश निघाला की प्रकरण बंद. दंड नाही. ह्या दंडाला मर्ड्रम म्हणत. आणि तो रद्द कधी झाला? १३४० साली. पण त्याच्या खूप आधी, ११७९ च्या सुमारास, राजाच्या खजिनदारानं लिहिलंय की आता दोन्ही लोकांत लग्नं होऊन इतकी सरमिसळ झाली की कोण इंग्लिश कोण नॉर्मन सांगता येत नाही, अपवाद फक्त भूदासांचा. ह्या वाक्यावर जरा थांबा. वरचे वरच्यांशी मिसळले. लग्नाला आडकाठी नव्हती, म्हणून ही भानगड आपल्याकडच्या जातीसारखी नाही, उगाच जुळवाजुळव करू नका. पण शंभर वर्षांत 'इंग्लिश' हा शब्द तळाच्या माणसाचा शिक्का होऊन बसला. जिंकलेला देश होता, त्याचा जिंकलेला वर्ग झाला.

ह्याच खजिनदाराच्या ग्रंथात टॅलीची माहिती आहे. आमच्या गोदीत टॅली क्लार्क असतो, गोण्या मोजणारा, त्याचा हा खापरपणजोबा. हिशेबाची लाकडी काठी. हजार पौंडाला तळहाताएवढी खाच, शंभरला अंगठ्याएवढी, वीसला करंगळीएवढी, एका पौंडाला जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची, अर्धी देणाऱ्याकडे, अर्धी घेणाऱ्याकडे. कारभाराला ही काठी इतकी आवडली की एकोणिसाव्या शतकापर्यंत चालली. शेवटी साठलेल्या काठ्या १८३४ मध्ये पार्लमेंटच्या भट्टीत घातल्या, आणि त्या आगीत पार्लमेंटच जळालं. हे मी गमतीनं रचलेलं नाही, १६ ऑक्टोबर १८३४, बघून घ्या.

नॉर्मनांनी एक गोष्ट अशी पक्की केली की ती मुंबईपर्यंत आली. सगळी जमीन राजाची. बाकी सगळे त्याच्याकडून धरणारे. सरदार राजाकडून धरणार, छोटा सरदार मोठ्याकडून, तळाचा माणूस धरणार नाही, नुस्ता कसणार. १६६१ च्या लग्नाच्या करारात पोर्तुगीजांनी मुंबई दुसऱ्या चार्ल्सला आंदण दिली. १६६८ मध्ये त्यानं ती ईस्ट इंडिया कंपनीला दिली, वर्षाला सोन्याचे १० पौंड भाडं. आणि त्या सनदेत लिहिलं की ही मुंबई कंपनीनं केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रीनिच मॅनरमधली जमीन धरावी तशी धरायची. काय समजलात? इथले कोळी, भंडारी, कुणबी सकाळी उठले तेव्हा कागदोपत्री त्यांच्या पायाखालची बेटं लंडनशेजारच्या एका वाडीत मोडत होती. आपण उभे आहोत ती जमीन ह्या भाषेत एकदा लिहिली गेलीय.

आता पुस्तक उलटं कसं फिरलं ते सांगतो. १३७७. म्हणजे डूम्सडेला २९१ वर्षं झाली. विल्टशर, हॅम्पशर, सरे, ससेक्स, डेव्हन, ह्या दक्षिणेच्या भागांतली सुमारे ४० गावं एकाएकी वेठ करेनाशी झाली. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की जी जमीन १०६६ ला थेट राजाची होती, तिथल्या माणसावर मालकाला मनमानी वेठ वाढवता येत नाही. आणि ती राजाची होती की नाही हे कुठं लिहिलंय? डूम्सडेत. तेव्हा ह्या न शिकलेल्या माणसांनी वर्गणी काढली, वकील धरले, आणि सरकारी शिक्क्यानिशी डूम्सडेचे उतारे काढून आणले. ज्या पुस्तकात त्यांच्या पूर्वजांचा आकडा झाला होता, त्याच पुस्तकाची नक्कल हातात घेऊन ते मालकासमोर उभे राहिले. पार्लमेंट हादरलं. जमीनदारांनी अर्ज केला की भूदास एकमेकांना शपथा घालताहेत, धमक्या देताहेत, पीक शेतात सडतंय. मग ठराव झाला, असल्या उताऱ्यांचा ह्या कामी उपयोग नाही, आणि जे ऐकणार नाहीत त्यांना तुरुंगात टाका. कायदा मालकाचा, पुस्तक मालकाचं, अर्थही मालकच लावणार.

चार वर्षांनी, १३८१ च्या जूनमध्ये, केंट आणि एसेक्स पेटलं. ह्या वेळी उतारे काढत बसले नाहीत. मॅनरच्या कचेऱ्यांतली दप्तरं, ज्यांत कोण कुणाचा भूदास ते लिहिलेलं असायचं, ती शोधून शोधून जाळली.

सेंट ऑल्बन्सचं मात्र नीट ऐका. तिथल्या गावाचा मालक म्हणजे मठ. चक्की मठाची. लोक चोरून घरी हातजात्यावर दळायचे, दळणाचा पैसा वाचवायला. रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड हा मठाधिपती (१३२७–३६) मोठा गणिती, त्यानं आकाशातल्या ग्रहांचं घड्याळ बनवलं. त्यानंच घरोघरची जाती जप्त करवली आणि मठाच्या बैठकीच्या खोलीत त्या दगडांची फरशी घातली. येणाऱ्या-जाणाऱ्यानं जात्यावर पाय देऊन चालायचं. पन्नास वर्षं ती फरशी तशीच होती. १३८१ मध्ये लोक विल्यम ग्रिंडकॉबबरोबर मठात घुसले आणि ती फरशी उखडली. दगड फोडले. चर्चमध्ये पवित्र भाकरीचे तुकडे वाटतात तसे जात्याचे तुकडे एकमेकांना वाटले आणि घरी नेले. हे लिहून ठेवणारा वॉल्सिंगहॅम हा त्याच मठातला साधू, बंडाचा हाडवैरी. नाहीतर आपल्याला कळलंच नसतं.

जुलैमध्ये राजा सेंट ऑल्बन्सला आला. बंडातला पाद्री जॉन बॉल १५ जुलैला तिथंच फासावर गेला, ग्रिंडकॉबही त्याच महिन्यात. वेठ काही त्या वर्षी संपली नाही. ती कुठल्या कायद्यानं रद्द झालीच नाही, पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत झिजत झिजत गेली. त्याची कारणं, प्लेग, मजुरीचे वाढलेले दर, हा वेगळा विषय आहे, तो पुढच्या वर्गात घेऊ.

कुणाला काही विचारायचं असेल तर आत्ताच विचारा. मला रात्रपाळी आहे.